बेट मार्गावर आहे, पण जहाज थांबतं कशासाठी?

प्रश्न लॉजिस्टिक्स शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. श्रीलंका पूर्व-पश्चिम जलमार्गाच्या अगदी काठावर बसलेला देश, मग तो सिंगापूर का झाला नाही? आणि आता त्याला जहाजउद्योग वाढवायचा असेल तर सुरुवात कुठून करावी: बंदरं, स्वतःची जहाजं की खलाशी?

आधी माझी पात्रता सांगतो, म्हणजे माझं कुठे ऐकायचं आणि कुठे नाही ते तुम्हाला ठरवता येईल. मी बारा-तेरा वर्षं जहाजांवर मेट, म्हणजे ब्रिजवरचा अधिकारी होतो. त्यातली बरीचशी वर्षं भारत, बांगलादेश आणि कोलंबो यांच्यात फिरणाऱ्या फीडर जहाजांवर, म्हणजे मोठ्या जहाजांपर्यंत माल पोचवणाऱ्या छोट्या जहाजांवर गेली. पुढे बेलापूरच्या एका ऑफिसात बसून त्याच फीडरांची वेळापत्रकं लावली. म्हणजे कोलंबो मला गँगवेवरून दिसलं आणि एक्सेल शीटवरूनही दिसलं. तिथल्या मंत्रालयातली खलबतं मला ठाऊक नाहीत.

माझं मत असं: खलाशी आणि दुरुस्ती आधी, बंदराची शिस्त त्याच्या जोडीने, स्वतःची जहाजं सगळ्यात शेवटी. आणखी एक नवं बंदर बांधायचा विचार तर तूर्त डोक्यातून काढूनच टाकावा. आता हे का, ते जरा ऐसपैस सांगतो.

श्रीलंकेच्या नकाशावर तीन नावं शोधा. ईशान्येला त्रिंकोमाली. जगातल्या उत्तम नैसर्गिक बंदरांत त्याची गणना होते. खोल पाणी, चहूबाजूंनी आडोसा. दक्षिणेला हंबनटोटा. सुएझकडून मलाक्काकडे जाणारी जहाजं त्याच्यापासून जेमतेम दहा सागरी मैलांवरून जातात. पश्चिमेला कोलंबो. त्याला नैसर्गिक आडोसा नाही आणि ते मुख्य मार्गाच्या थोडं वरही पडतं. तरी कंटेनरचा जवळपास सगळा धंदा कोलंबोत आहे.

ब्रिटिशांच्या काळातही असंच झालं होतं. एकोणिसाव्या शतकात आगबोटी थांबायच्या त्या दक्षिण टोकाजवळच्या गॉलला, कारण ते मार्गावर होतं. पण तिथे तोंडाशी खडक आणि पावसाळ्यात लाटांचा मारा. 1875 साली कोलंबोला लाटारोधक भिंतीचा पहिला दगड बसला, 1885 पर्यंत ती पुरी झाली आणि बोटींनी गॉल सोडलं. मार्गावरचं ठिकाण मागे पडलं आणि बांधून काढलेलं ठिकाण पुढे गेलं.

हे समजायला मुंबई-गोवा महामार्ग पुरे. रस्त्याला लागून हॉटेलं शेकड्यांनी आहेत, पण रातराणी थांबते ती ठराविक ठिकाणी. हॉटेल रस्त्यावर आहे म्हणून कोणी गाडी थांबवत नाही. तिथे डिझेल मिळतं, पंक्चर निघतं, ड्रायव्हरला जेवण मिळतं आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या गावची गाडी तिथे गाठता येते, म्हणून थांबतात. श्रीलंकेच्या दक्षिण टोकासमोरून, दोन्द्रा हेडसमोरून, जाणाऱ्या जहाजाच्या दृष्टीने किनाऱ्यावरचं बंदर म्हणजे पायलटसाठी (बंदरात वाट दाखवणाऱ्या वाटाड्यासाठी) वेग कमी करणं, बंदराचं शुल्क आणि फुकट गेलेले तास. एवढं सोसायला त्याला कारण लागतं.

कोलंबोकडे ते कारण होतं: जोडगाड्या. हुगळीच्या पाण्यावर हल्दिया चालतं. भरती बघून निघावं लागतं आणि मोठं जहाज आत येतच नाही. चटगावचीही तीच कथा, कर्णफुली नदीतलं बंदर. बंगालच्या उपसागरातला माल छोट्या जहाजातून कुठेतरी नेऊन मोठ्या जहाजात चढवावाच लागतो. ते ‘कुठेतरी’ म्हणजे कोलंबो. तिथे 1985 पासून जया कंटेनर टर्मिनल सुरू झालं. आपलं न्हावाशेवा चालू झालं ते 1989 साली. तोवर मुंबईच्या इंदिरा गोदीत जहाज घ्यायचं तर लॉकगेट आणि भरतीचं गणित जमवावं लागे, आणि बाहेर जहाजांची रांग. कोलंबोचं निम्मं यश आपल्या ढिसाळपणावर उभं राहिलं, हे आपल्याला गोड वाटो न वाटो. आजही तिथल्या कंटेनरपैकी ऐंशी टक्क्यांच्या आसपास डबे श्रीलंकेचे नसतात. एका जहाजातून उतरून दुसऱ्यात चढणारे असतात. त्यातला मोठा हिस्सा भारताचा.

आणि दुसऱ्याच्या डब्यांवर चालणारा धंदा किती नाजूक असतो, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

नव्वदच्या दशकात मी थर्ड मेट म्हणून पहिल्यांदा कोलंबोला गेलो तेव्हा यादवी युद्ध चालू होतं. तमिळ वाघांचे (एलटीटीईचे) पाणबुडे रात्री बंदरात शिरून जहाजाला सुरुंग लावतील म्हणून नौदलाच्या होड्या पाण्यात छोटे स्फोटक गोळे टाकत फिरायच्या. आम्ही खाली केबिनमध्ये झोपलेले. थोड्या थोड्या वेळाने जहाजाचा पत्रा घणाचा घाव बसल्यासारखा वाजायचा. पहिल्या रात्री झोपलो नाही, चौथ्या रात्री आवाज थांबला म्हणून जाग आली. 2001 साली कोलंबोजवळच्या कटुनायके विमानतळावर हल्ला झाला आणि विमावाल्यांनी युद्धजोखमीचा हप्ता इतका चढवला की कंपन्या कोलंबो टाळायला लागल्या. त्याआधीच, 1998 साली, ओमानमधलं सलाला बंदर उघडलं होतं आणि मोठ्या कंपन्यांना तिथे ऐसपैस जागा मिळत होती. डब्याला मायभूमी नसते. क्रेनखालचा डबा पुढच्या आठवड्यात दुसऱ्या देशातल्या क्रेनखाली असू शकतो.

तुमच्या प्रश्नातल्या सिंगापूरलाही ही थप्पड बसली आहे. 2000 साली मर्स्क या जहाजकंपनीने आपला ट्रान्सशिपमेंटचा (एका जहाजातून दुसऱ्यात चढणारा) माल, वर्षाला सुमारे 18 लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी डब्यांच्या हिशेबाने, उचलून शेजारच्या मलेशियातल्या तांजुंग पेलेपासला नेला. दोन वर्षांनी एव्हरग्रीन ही दुसरी कंपनी गेली. सिंगापूर त्यातून उभं राहिलं, कारण तिथे नुसत्या क्रेन नव्हत्या. जगात सर्वांत जास्त जहाजी इंधन तिथे विकलं जातं, वर्षाला पाच कोटी टनांहून अधिक. जहाजांचे दलाल, विमा, लवाद, बँका, सुट्या भागांची गोदामं, सर्व्हेअर, सगळं एका गावात. डबे हलवता येतात. ही माणसं आणि त्यांच्या ओळखीपाळखी कोणी ट्रेलरवर चढवून नेत नाही. सिंगापूर आणि कोलंबो यांच्यात मला दिसतो तो फरक हाच.

आता हंबनटोटा. त्यावर भारतात फार राजकीय लिखाण झालं, कर्जाचा सापळा वगैरे. तो वाद बाजूला ठेवून धंद्यापुरतं बोलतो. 2010 साली बंदर उघडलं. 2017 साली ते 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर चायना मर्चंट्स या चिनी कंपनीकडे गेलं, 112 कोटी डॉलरना. बांधणाऱ्यांनी मार्ग पाहिला, जोड पाहिली नाही. तिथे फीडर नव्हते, म्हणून मोठी कंटेनर जहाजं येईनात. मोठी जहाजं नाहीत, म्हणून फीडर येईनात. मात्र गाड्या वाहणाऱ्या रो-रो जहाजांना ते मानवलं. हजारो गाड्या उभ्या करायला मोकळं पटांगण लागतं, ते कोलंबोच्या दाटीत मिळत नाही. भारतात बनलेल्या गाड्याही तिथे उतरून दुसऱ्या जहाजात चढून पुढे जातात. म्हणजे बंदर वाया गेलं नाही. ते कशासाठी चालेल, हे बांधल्यावर कळलं एवढंच. पण ही भलतीच महाग पद्धत झाली.

कोलंबोने मग काय करावं? माझ्या मते त्यांनी क्रेनचा विचार जरा कमी करून वेळ विकायला शिकावं.

हे नीट सांगतो, कारण बाहेरच्या लेखांत हे सहसा येत नाही. कोलंबोत टर्मिनलं अनेक आणि मालक वेगवेगळे. जया सरकारी. 1999 पासून साउथ एशिया गेटवे खासगी भागीदारीत. 2013 पासून चिनी भागीदारीतलं सीआयसीटी, तिथे 18 मीटर पाणी, म्हणजे सगळ्यात मोठी जहाजं तिकडे. 2025 पासून अदानी, श्रीलंकेची जॉन कील्स कंपनी आणि बंदर प्राधिकरणाचं वेस्ट टर्मिनल. शिवाय प्राधिकरण स्वतः उभं करतंय ते ईस्ट टर्मिनल. त्यातला भारत-जपानचा सहभाग कामगार संघटनांच्या विरोधानंतर 2021 मध्ये रद्द झाला.

आता माझा फीडर हल्दियाहून सहाशे डबे घेऊन येतो. त्यातले दोनशे ज्या मदर व्हेसलवर (मोठ्या जहाजावर) चढायचे ती सीआयसीटीवर, दीडशेचं जहाज जयावर, उरलेले आणखी तिसरीकडे. फीडर एका टर्मिनलवर लागला की बाकीचे डबे ट्रेलरवरून बंदरातल्या बंदरात हलवावे लागतात. त्याला आम्ही आयटीटी म्हणतो. नाहीतर फीडरने बर्थ (धक्क्यावरची जागा) बदलायचा: पुन्हा पायलट, पुन्हा टग (ओढबोट), पुन्हा दोर सोडणं-बांधणं आणि रांगेत थांबणं. प्रत्येक टर्मिनल आधी आपल्या मोठ्या जहाजाला बर्थ देतं, फीडर बाहेर नांगरावर. स्वतंत्रपणे बघितलं तर प्रत्येक टर्मिनलचा ताशी क्रेन-मूव्हचा आकडा झकास असतो. माझा डबा मात्र चुकतो, आठवडाभर यार्डात बसतो, आणि कोलकात्याचा बनियनवाला मला फोनवर सोलून काढतो.

मदर व्हेसलला अर्धा दिवस उशीर झाला तर तो पुढे वेग वाढवून भरून काढावा लागतो. इंधनाचा खप साधारण वेगाच्या घनाने चढतो. 16 नॉटचे 19 केले की ताशी खप दोन तृतीयांशाने वाढतो. त्यामुळे लाइनवाल्यांना (जहाजकंपन्यांना) बर्थ स्वस्त मिळण्यापेक्षा ठरल्या वेळी मिळणं महत्त्वाचं असतं. सगळ्या टर्मिनलांचं मिळून एकच बर्थिंग वेळापत्रक, फीडरसाठी राखीव खिडक्या (ठरलेल्या वेळा) आणि आयटीटीचे ट्रेलर एकाच हाताखाली, एवढं श्रीलंका बंदर प्राधिकरणाला करता आलं तर समुद्रात एक दगडही न टाकता बंदराची क्षमता वाढेल. यात अडचण अशी की हेच प्राधिकरण स्वतः जया चालवतं, आणि इतर टर्मिनलांत भागीदारही आहे. खेळाडू आणि पंच एकच. 1979 साली प्राधिकरण झालं तेव्हा सगळं एका छताखाली आणणं बरोबर होतं. आज ते वेगळं करायला हवं.

स्वतःच्या जहाजांबद्दल मी जरा कडवट आहे, ते गृहीत धरून वाचा. प्रत्येक बेटाला वाटतं, आपला झेंडा लावलेली जहाजं हवीत. सिलोन शिपिंग कॉर्पोरेशन 1971 पासून आहे. 2016 साली तिने कर्ज काढून सुमारे 63 हजार टनी दोन बल्क कॅरिअर (कोळशासारखा सुटा माल वाहणारी जहाजं) चीनमध्ये बांधून घेतली. नोरोच्चोलाईच्या वीजकेंद्राला कोळसा लागतो, तो आपल्याच जहाजांतून आणू, असा हिशेब होता. कागदावर छान दिसतं. पण बल्क जहाजाचं भाडं लाटेसारखं वरखाली होतं. ज्याच्याकडे पन्नास जहाजं आहेत तो वाईट वर्ष पोटात घालतो. दोन जहाजंवाल्याला कर्जाचा हप्ता त्याच वर्षी भरायचा असतो. त्यातून पावसाळ्यात नोरोच्चोलाईला कोळसा उतरवताच येत नाही, खुल्या समुद्रात बार्जवर उतरवण्याचं काम ते. मग ते महिने जहाजाने बाहेरच्या बाजारात भाडं शोधत फिरायचं. बेटावर अन्न-इंधन आणायची हमी म्हणून दोन-चार जहाजं ठेवायची असतील तर तसं स्पष्ट म्हणावं आणि तो खर्च संरक्षणखर्चासारखा धरावा. नफ्याच्या नावाखाली नको.

झेंडा भाड्याने देण्याचाही एक मार्ग असतो. मार्शल बेटांच्या नावाने जगातली हजारो जहाजं फिरतात, पण ती नोंदणी चालते अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून. बेटाला शुल्क मिळतं, उद्योग मिळत नाही. श्रीलंकेने या भानगडीत फार वेळ घालवू नये.

खलाशी आणि अधिकारी, इथे मात्र जीव ओतावा. कोलंबोजवळची सिनेक ही सागरी प्रशिक्षण संस्था 1990 पासून चालू आहे आणि तिथून निघालेल्या मुलांबरोबर मी काम केलंय. नॅव्हिगेशन पक्कं, बोलणं मृदू, आणि ब्रिजवर उगाच ‘यस सर’ न म्हणता शंका विचारणारे. ही शंका विचारण्याची सवय फार मोलाची. पण अडतं कुठे, तर वर्गात नाही, जहाजावर. अधिकाऱ्याच्या परीक्षेला बसायला समुद्रावरचे महिने भरावे लागतात आणि कॅडेटला (शिकाऊ मुलाला) जहाज कोणी देत नाही. आपल्याकडे तेच. बेलापूर-वाशीत जहाजावर लावतो म्हणून आईबापांकडून लाखो रुपये घेणारे एजंट उगाच नाही उगवले. माझ्या नात्यातल्याच एका मुलाला एकाने दीड वर्षं झुलवलं आणि शेवटी कुठल्यातरी गंजक्या बार्जवर चढवायला निघाला होता.

यावर मला सुचलेला उपाय साधा आहे. कोलंबोत ज्या कंपनीला हक्काची बर्थिंग खिडकी किंवा टर्मिनलात वाटा हवा, तिने आपल्या जहाजांवर दरवर्षी ठराविक श्रीलंकन कॅडेट घ्यायचे, असं करारातच लिहायचं. बंदराकडे देण्यासारखं आहे तोवर घ्यावं. नंतर कोणी दाराशी येत नाही. आणि प्रमाणपत्राचा दर्जा जिवापाड जपावा. फिलिपिन्स जगाला सर्वांत जास्त खलाशी पुरवणाऱ्या देशांपैकी एक. युरोपच्या तपासनीसांनी 2006 पासून तिथल्या प्रशिक्षणातल्या त्रुटी काढल्या आणि 2023 पर्यंत त्यांच्या अधिकाऱ्यांच्या मान्यतेवर टांगती तलवार होती.

खलाशांशीच जोडलेली एक बाजू म्हणजे क्रू चेंज, जहाजावरच्या माणसांची अदलाबदल. 2020 साली कोविडमुळे अर्ध्या जगाने बंदरं खलाशांना बंद केली तेव्हा कोलंबो आणि गॉलने ही सोय चालू ठेवली. आमचा दापोलीकडचा एक बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) तेरा महिन्यांनी गॉलसमोर होडीत उतरला. होडीवाल्याला त्याने मिठीच मारली, अंतर वगैरे राहिलं बाजूला. त्या वर्षात गॉलच्या एजंटांनी जे नाव कमावलं ते जाहिरातीने मिळालं नसतं. याच धर्तीवर, जहाज धक्क्याला न लावता, किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर माणसं, सुटे भाग, भाजीपाला, औषधं पोचवायची. हंबनटोटाला मार्गाच्या जवळ असण्याचा खरा उपयोग कुठे असेल तर तो इथे आहे, आणि याला धक्का बांधावा लागत नाही. होड्या, एजंट, आणि रात्री तीनला जागा असलेला इमिग्रेशनचा माणूस लागतो.

दुरुस्तीचं तर आपल्याशी थेट नातं जुळतंय. कोलंबो डॉकयार्ड 1974 पासूनची, सव्वा लाख टनी जहाज घेईल एवढी सुकी गोदी तिच्याकडे आहे. लक्षद्वीपला जाणाऱ्या ‘कोरल्स’ आणि ‘लगून्स’ या प्रवासी बोटी तिथेच बांधल्या. ती आर्थिक अडचणीत आल्यावर आणि जपानी भागीदाराने निघायचं ठरवल्यावर आपल्या माझगाव डॉकने 2025 साली तिच्यातला बहुसंख्य हिस्सा सुमारे 5.3 कोटी डॉलरना घेण्याचा करार जाहीर केला. मला हे बंदरापेक्षा महत्त्वाचं वाटतं. गोदीत वेल्डर, फिटर, रंगारी, इलेक्ट्रिशियन अशी माणसं लागतात आणि त्यांचा हात वर्षानुवर्षांनी बसतो. जहाजाला ठराविक काळाने गोदीत चढावंच लागतं, मंदी असो की तेजी. कोलंबोला माल उतरवायला आलेलं जहाज तिथेच गोदीत चढलं तर मालकाचा रिकामा फेरा वाचतो.

एक गोष्ट मात्र कोणत्याही विकास आराखड्यात पहिल्या पानावर असायला हवी आणि नेहमी परिशिष्टात जाते: संकटाची तयारी. मे 2021. एक्स-प्रेस पर्ल, नवंकोरं जहाज, एका डब्यातून नायट्रिक आम्ल गळतंय. कतारच्या हमद बंदराने आणि गुजरातच्या हजिरा बंदराने तो डबा उतरवून घेतला नाही. जहाज कोलंबोबाहेर नांगरलं, 20 मे रोजी पेटलं, 2 जूनला बुडालं. नेगोम्बोच्या किनाऱ्यावर प्लॅस्टिकचे दाणे बर्फ पडल्यासारखे साचले, मच्छीमारांच्या होड्या महिनोन्‌महिने वाळूत. 2025 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 100 कोटी डॉलर भरपाईचा आदेश दिला. हातात पैसे पडणं ही वेगळी गोष्ट. मी ते फोटो बघताना विचार करत होतो तो हमद आणि हजिराचा. गळका डबा असलेलं जहाज कुणालाच नको असतं. पण जे बंदर म्हणेल, ‘आण, आमच्याकडे आम्लाचा डबा वेगळा ठेवायची जागा आहे, फोम आहे, मोठी टग आहे, बिल पाठवू’, त्याच्याकडे लाइनवाले पुढची वीस वर्षं जातील. दुसऱ्यांचे डबे हाताळून पोट भरणाऱ्या बेटाने ही सोय ठेवलीच पाहिजे.

राहिला भारत. केरळात विळिंजम बंदर चालू झालंय, तिथे निसर्गतःच खोल पाणी आहे आणि मार्गही जवळ. पालघरच्या वाढवण बंदराचं भूमिपूजन 2024 च्या ऑगस्टमध्ये झालं. आपल्याकडच्या बातम्यांत ‘वाढवण आता कोलंबोला हरवणार’ असा सूर असतो. मला तसं वाटत नाही. पश्चिम किनाऱ्याचा माल आजही बराचसा न्हावाशेवा आणि मुंद्र्याहून मोठ्या जहाजात थेट चढतो. कोलंबो जगतं ते मुख्यतः पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या मालावर. वाढवणमुळे कोलंबोची झोप उडायचं कारण नाही, विळिंजममुळे उडावी. बंगालच्या उपसागराचं पाणी मात्र उथळच राहणार, म्हणजे फीडर राहणार, आणि ते चेन्नईखालून वळून कुठे जायचं ते दर आठवड्याला नव्याने ठरवणार.

तुमच्या प्रकल्पासाठी एक सूचना. कोलंबोचे वार्षिक टीईयूचे आकडे सगळेच देतात. 2018 ते 2023 ते सत्तर लाखांच्या आसपास होते आणि त्यातून काही कळत नाही. तीन महिन्यांची फीडर वेळापत्रकं घ्या, एआयएसवरून (जहाजाची जागा सांगणाऱ्या यंत्रणेवरून) प्रत्येक फीडर नांगरावर किती तास होता ते मोजा, आणि त्याने एका फेरीत किती वेळा बर्थ बदलला तेही लिहा. त्या तक्त्यासह पुन्हा विचारा. मग मी अंदाजाने नाही, आकड्यांवर बोट ठेवून भांडेन.